मूठभर तांदूळ आणि दरवर्षीची पावती

चतुर्थीला गोव्यातले घर भरते. वर्षभर कुलूप लावलेल्या खोल्या उघडतात, माटोळीला रानातली फळे लागतात आणि मुंबई, पुणे, आखात जिथे जिथे माणसे पोटासाठी गेली आहेत तिथून ती परत येतात. आमच्या डिचोली तालुक्यातील सुर्ला गावीही असेच होते. मात्र आमच्या घरी तिसऱ्या दिवशी, दुपारची आरती आटोपून पाने वाढायच्या आधी, आणखी एक गोष्ट होते. कपाटातून एक रेघांची वही बाहेर निघते. त्या वहीत सुर्ला आणि आसपासच्या गावांतील आम्ही सातजण, म्हणजे एकेकाळचे पदविकेचे विद्यार्थी, आपापले नाव आणि आकडा लिहितो. जमलेल्या पैशांतून त्या वर्षी एका-दोघा विद्यार्थ्यांची फी भरली जाते. २०१३ च्या चतुर्थीला ही वही सुरू झाली आणि गेल्या वर्षी बारावे पान भरले.

त्या बाराव्या पानावर सहाच नावे आहेत. सातवा मित्र आला होता, जेवला, घुमटावर आरतीही म्हणाला. पण वही समोर येताच हसून म्हणाला, "अरे, फिटलें मरे आमचें! जेवढी फी आम्ही कुणाची खाल्ली त्याच्या दसपट भरून झाली. अजून किती वर्षे?"

त्याला त्या दिवशी उत्तर देता आले नाही. तो चेष्टेने बोलला असला तरी प्रश्न खरा होता. शिकलेल्या संस्थेला माणूस एकदा काही देतो हे समजते. पण दरवर्षी का द्यायचे? वर्षभर हा प्रश्न डोक्यात राहिला आणि कामावरून सवड मिळेल तसे आम्ही जुने वाचत गेलो. मंडळाने स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा वाटले, आपल्याच समाजाच्या इतिहासात याचे उत्तर कुठे आहे ते मांडावे. आम्ही इतिहासाचे अभ्यासक नव्हे, साबांखातले अभियंते. चुकले तर वाचकांनी सांभाळून घ्यावे.

पणजीतली मूठ

सुरुवात घराजवळूनच करू. डिचोली, सत्तरी आणि पेडणे हे महाल पोर्तुगिजांच्या हाती आले ते अठराव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत. म्हणून यांना नव्या काबिजादी म्हणत. इथे घरात, देवळात, हिशेबाच्या वहीत मराठी होती. पण सरकारी शिक्षण पोर्तुगीज भाषेत. मराठी अक्षर शिकायचे तर एखाद्या पडवीत किंवा देवळाच्या अग्रशाळेत भरणारी, एका शिक्षकाची शाळा हाच आधार. त्या शिक्षकाला 'शेणवीमामा' म्हणत. त्याचा पगार म्हणजे पालकांनी दिलेले भात, नारळ आणि थोडी रोकड. सरकारचा एक पैसाही त्यात नसे. शाळा टिकायची ती गावाने तिला खाऊ घातले म्हणून.

या परंपरेतूनच १९०८ मध्ये पणजीत एक संस्था उभी राहिली. तिचे नाव आपणा सर्वांना माहीत आहे, पण त्या नावाचा अर्थ फारसा कुणी थांबून पाहत नाही. मुष्टिफंड. मुष्टी म्हणजे मूठ. घराघरात रोजचा भात शिजवायला तांदूळ काढताना त्यातली एक मूठ बाजूच्या भांड्यात टाकायची, ते तांदूळ गोळा करायचे आणि त्यातून मराठी शाळेचा खर्च भागवायचा. पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले ते १९१० साली. त्यानंतर इथल्या हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क मिळाले आणि शिक्षणसंस्था काढणे सोपे झाले. फोंड्याला दादा वैद्यांसारख्या मंडळींच्या पुढाकाराने १९११ मध्ये गोवा विद्याप्रसारक मंडळ स्थापन झाले ते याच नव्या हवेत. पण मुष्टिफंड त्याच्याही आधीचा. हक्क मिळण्याची वाट न बघता लोकांनी डब्यात मूठ टाकायला सुरुवात केली होती.

या मुठीचा जरा हिशेब करून पाहावा. एका मुठीने कुठल्याच घरी कुणी उपाशी राहत नाही. म्हणजे देणाऱ्याला ती जड नाही. ती रोजची आहे, म्हणजे मागायला येणाऱ्याला दरवेळी पहिल्यापासून पटवून सांगावे लागत नाही. आणि ती घरातल्या सगळ्यांसमोर निघते. तांदूळ काढणारा हात बहुधा घरच्या बाईचाच असणार. जिला स्वतःला शाळेचा उंबरठा दिसला नाही, अशा कित्येक बायांच्या मुठीवर पणजीची मुले शिकली. हा मुद्दा आमच्या प्रश्नाला फार जवळचा आहे, तो पुढे पुन्हा येईल.

मुष्टिफंडाच्या काळी महाराष्ट्रातही हीच हवा होती. अंताजी दामोदर काळे यांनी घरटी एक पैसा गोळा करण्याची कल्पना काढली आणि लोकमान्यांनी ती उचलून धरली. त्या 'पैसा फंडा'तून तळेगावला काचकारखाना उभा राहिला, तोही १९०८ मध्येच. पणजीत तांदळाची मूठ, तळेगावात तांब्याचा पैसा. दोन्हीकडे समजूत एकच की थोरामोठ्याच्या एका देणगीपेक्षा सामान्यांच्या हजार वाट्यांवर संस्था अधिक पक्की उभी राहते.

मांद्र्याचा मुलगा

मुष्टिफंडाचे दाते त्या शाळेचे माजी विद्यार्थी नव्हते. शाळाच नवी होती, तेव्हा ते कुठून असणार! शिकलेल्यांनी परत देण्याची सुरुवात पाहायची तर आणखी साठ वर्षे मागे, मुंबईला जावे लागेल. पण तिथेही आपल्याला आपला माणूस भेटतो.

पेडण्याच्या मांद्रे गावी जन्मलेले रामकृष्ण विठ्ठल लाड, म्हणजेच डॉ. भाऊ दाजी, लहानपणी वडिलांबरोबर मुंबईस गेले. एल्फिन्स्टन विद्यालयात शिकले आणि मग १८४५ मध्ये सुरू झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात दाखल झाले. १८५१ साली तिथून जी पहिली तुकडी बाहेर पडली तिच्यात ते होते. पुढे मुंबईत त्यांचे नाव झाले, प्राचीन लेख आणि नाणी वाचणारे विद्वान म्हणून कीर्ती झाली. भायखळ्याच्या संग्रहालयाला आज त्यांचे नाव आहे ते आपण जाणतोच. पण आमच्या विषयाला महत्त्वाचे ते हे की भावाच्या मदतीने त्यांनी गरिबांसाठी मोफत दवाखाना चालवला आणि मुलींच्या शिक्षणासाठी आयुष्यभर झटले.

ते एकटे नव्हते. १८४८ मध्ये एल्फिन्स्टनच्या प्राध्यापकांनी आणि विद्यार्थ्यांनी मिळून एक सभा काढली होती. दादाभाई नौरोजी तिच्यात होते. पुढल्याच वर्षी या सभेने मुंबईत मुलींच्या शाळा सुरू केल्या. शिक्षकांना द्यायला पैसे नव्हते, म्हणून नुकतीच शिकून बाहेर पडलेली तरुण मंडळी स्वतःच फुकट शिकवायला उभी राहिली. जगन्नाथ शंकरशेट यांनी मदतीचा हात दिला. भाऊ दाजीही या सभेच्या कार्यात होते.

इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. या तरुणांनी दिले ते एल्फिन्स्टनला नव्हे. एल्फिन्स्टनने त्यांना जे दिले ते त्यांनी ज्यांना मिळत नव्हते त्या मुलींना दिले. उपकार एकाचे आणि फेड दुसऱ्याची, ही आपल्याकडची पहिली 'माजी विद्यार्थ्यांची देणगी' म्हटली तरी चालेल.

आयुष्याची देणगी

पुढची पायरी पुण्याची. १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघाले, १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी झाली आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज. चिपळूणकर, टिळक, आगरकर, नामजोशी यांची नावे घराघरांत ठाऊक आहेत. या संस्थेत 'आजीव सदस्य' होणाऱ्याने वीसेक वर्षे जेमतेम पगारावर शिकवायचे अशी शपथ असे. तो पगार महिना पाऊणशे रुपयांच्या घरातला.

दापोली तालुक्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे फर्ग्युसनचे विद्यार्थी. पुढे केंब्रिजला जाऊन १८९९ मध्ये त्यांनी गणिताच्या परीक्षेत सीनियर रँग्लर हा पहिला मान मिळवला. हिंदुस्थानातून हा मान मिळवणारे ते पहिलेच. त्यांच्यापुढे मोठ्या सरकारी नोकऱ्यांची दारे उघडी होती. ते परत आले ते आपल्या कॉलेजात, त्याच थोडक्या पगारावर, आणि सुमारे दोन दशके प्राचार्य राहिले. उतारवयात ते पुणे विद्यापीठाचे कुलगुरूही झाले.

त्यांच्या नात्यातले महर्षी धोंडो केशव कर्वे यांची वाट वेगळी, पण तीही याच डोंगराची. शिकून मुंबईत मिळवते झाल्यावर कर्व्यांनी आपल्या गावासाठी 'मुरुड फंडा'त पुढाकार घेतला. गावाबाहेर मिळवत्या झालेल्यांनी थोडेथोडे देऊन गावाचे काम करायचे, ही त्यामागची कल्पना. याच सवयीतून पुढे हिंगण्याचे काम आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ आले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाखांची देणगी दिली आणि विद्यापीठाला त्यांच्या आईचे नाव लागले. पण त्याआधीची वर्षे कर्वे दारोदार फिरून रुपया-दोन रुपये गोळा करत होते. विशेष म्हणजे पंधरा लाख मिळाल्यावरही ते थांबले नाहीत. सत्तरी ओलांडल्यावर ते विद्यापीठासाठी वर्गणी मागत परदेशांत हिंडले. एवढ्या मोठ्या देणगीनंतर ही पायपीट कशाला, असे कुणालाही वाटेल. पण त्या पायपिटीतच आमच्या मित्राच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे.

साताऱ्याचे कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. वसतिगृहातल्या मुलांच्या धान्यासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही मोडले, हे आपण शाळेत ऐकलेले आहे. तिथे मुले काम करून शिकत. भाऊरावांच्या वसतिगृहात वाढलेला एक गरीब मुलगा विलायतेला जाऊन बॅरिस्टर झाला. ते बॅ. पी. जी. पाटील. १९४७ मध्ये साताऱ्याला निघालेल्या छत्रपती शिवाजी कॉलेजात ते शिकवायला राहिले आणि पुढे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. वकिलीत त्यांनी किती मिळवले असते याचा अंदाज ज्याचा त्याने करावा.

परांजपे आणि पाटील यांनी आयुष्य दिले. ते सर्वांना जमणार नाही. आम्हाला तर मुळीच जमले नाही. पण आयुष्य देणे आणि रोज एक मूठ देणे यांत एक साम्य आहे. दोन्ही एकदा करून संपत नाहीत. सकाळी उठून पुन्हा द्यावे लागते.

एकदाच आणि दरवर्षी

मोठ्या देणगीची निंदा करण्याचा हेतू नाही. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर उभा आहे तो प्रेमचंद रायचंद यांनी १८६४ मध्ये दिलेल्या पैशांतून. ते काही त्या विद्यापीठाचे पदवीधर नव्हते. शेअर बाजारातले व्यापारी, आईचे नाव राहावे म्हणून दिले. १८७८ मध्ये टॉवर पुरा झाला तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या मुले त्याखालच्या ग्रंथालयात अभ्यास करत आली. आजच्या काळातही असे दाते आहेत. नंदन निलेकणी यांनी आयआयटी मुंबईशी नाते जुळून पन्नास वर्षे झाली म्हणून २०२३ च्या जूनमध्ये ३१५ कोटी रुपये दिले. आधीचे धरून त्यांची देणगी ४०० कोटींवर गेली. माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था, जुन्या मंडळींच्या तोंडी यूडीसीटी, तिला तिचे विद्यार्थी मुकेश अंबानी यांनी २०२५ च्या जूनमध्ये १५१ कोटी जाहीर केले, ते प्रा. एम. एम. शर्मा यांना गुरुदक्षिणा म्हणून.

पण त्याच आयआयटीत दुसरी एक रीत आहे. बाहेर पडून पंचवीस वर्षे झालेली तुकडी एकत्र येते आणि सगळे मिळून देतात. १९९८ च्या तुकडीतल्या दोनशेहून अधिक जणांनी मिळून ५७ कोटी दिले. त्यातले काही जण फार श्रीमंत असणार हे खरे. तरी ती देणगी तुकडीची म्हणून ओळखली जाते.

दरवर्षी देण्याची पद्धतशीर सुरुवात झाली ती अमेरिकेत, येल विद्यापीठात. गंमत म्हणजे या विद्यापीठाचे नाव हिंदुस्थानातल्या पैशावर पडले आहे. मद्रासच्या किल्ल्यात ईस्ट इंडिया कंपनीचा गव्हर्नर राहिलेल्या एलिह्यू येलने १७१८ मध्ये काही पुस्तके, राजाचे एक चित्र आणि कापडचोपडाचे गठ्ठे पाठवले. ते विकून आलेल्या पैशांतून इमारत झाली आणि कॉलेजला त्याचे नाव मिळाले. एकदाच दिले, नाव कायमचे राहिले. पण १८९० मध्ये येलच्या जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवले की यापुढे प्रत्येकाने दरवर्षी जमेल तेवढे द्यायचे. त्या फंडापासून ही रीत तिकडच्या बहुतेक विद्यापीठांत पसरली. पुढे तर विद्यापीठांच्या गुणवत्तेची यादी करणारे एक मोठे नियतकालिक कित्येक वर्षे असेही मोजत असे की शंभरातले किती माजी विद्यार्थी देतात. रक्कम किती यापेक्षा हात किती, याला महत्त्व.

हातांना महत्त्व का, ते सरकारी कारकुनी हिशेबाने सांगतो. समजा एका कॉलेजला गरजू मुलांच्या फीसाठी वर्षाला साठ हजार रुपये हवेत. बँकेत सहा टक्क्यांनी ठेव ठेवली तर साठ हजार व्याज यायला दहा लाखांची ठेव लागते. दहा लाख देणारा एक माणूस शोधायचा तर किती दारे झिजवावी लागतील! उलट वर्षाला हजार रुपये देणारे साठ जण मिळाले की काम झाले. म्हणजे साठ साधी माणसे मिळून दहा लाखांची ठेव होतात. आणि व्याजाचे दर खाली आले तरी ही ठेव कमी होत नाही. कर्वे पंधरा लाखांनंतरही का फिरत राहिले ते यावरून कळते. इमारत एकदा बांधून होते, शिकवणे मात्र दर जूनला नव्याने सुरू होते. मुले दरवर्षी नवी येतात आणि त्यांतली काही दरवर्षी फीच्या खिडकीवरून परत फिरतात.

माणसे का देतात, का थांबतात

कुणी उपकार स्मरून देतो, कुणी नावासाठी, कुणी आयकरात सूट मिळते म्हणून. मीर आणि रोझन या दोन अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी एका नामांकित विद्यापीठाच्या देणग्यांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना दिसले की मुले कॉलेजच्या वयाला येऊ लागली की आईबापांच्या देणग्या वाढतात आणि त्या मुलांना तिथे प्रवेश मिळाला नाही की घसरतात. मनुष्यस्वभाव सगळीकडे सारखाच! पण त्याच अभ्यासांतून हेही पुढे आले की जो तरुणपणी थोडे का होईना नियमित देतो, तो पुढेही देत राहतो. शेवटी सवय लागावी लागते. मुष्टिफंडाच्या बायांना हे कुणी शिकवावे लागले नव्हते.

आपल्याकडे माजी विद्यार्थी संघांना जोर आला तो अलीकडे, महाविद्यालयांचे मूल्यांकन करणाऱ्या नॅकमुळे. १९९४ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेच्या निकषांत माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण आहेत. त्यामुळे पाहणीचे वर्ष आले की जुन्या विद्यार्थ्यांना फोन जातात, स्नेहमेळावा होतो, फोटो निघतात. पाहणी आटोपली की पुढच्या पाहणीपर्यंत शांतता. फक्त गरजेपुरते बोलावले तर माणूस नातेवाइकांकडेही जायचा थांबतो. आणखी एक कारण हिशेबाचे. दिलेले कुठे गेले ते कळले नाही तर पुढच्या वर्षी हात आखडतो. ज्या संस्था वर्षाला एक साधे पत्र पाठवून 'तुमच्या पैशांतून हे झाले' एवढे कळवतात, त्यांच्याकडे लोक परत येतात.

आमचा स्वतःचा अनुभव सांगतो. २०१३ मध्ये आम्ही सातजण एका सरकारी संस्थेत पैसे द्यायला गेलो. खिडकीवरच्या सद्गृहस्थांनी आम्हाला बसवले, पाणी दिले आणि विचारले, "पण हे घ्यायचे कुठल्या लेखाशीर्षाखाली?" आम्हीही सरकारी खात्यातलेच, त्यामुळे त्यांच्यावर रागावता येईना. दंडासाठी लेखाशीर्ष आहे, फीसाठी आहे, नुसते प्रेमाने दिलेल्या पैशांसाठी नाही. शेवटी आम्ही ठरवले की विद्यार्थ्याची फी थेट भरायची आणि पावतीची प्रत वहीत चिकटवायची. त्या वहीत आता बारा वर्षांच्या पावत्या आहेत.

आमची वही

पण ती वही निघाली कशी, ते सांगितल्याशिवाय मित्राला उत्तर पुरे होणार नाही.

मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. आमची पिढी त्याच शाळांतून शिकली. गोव्यात पहिली महाविद्यालये १९६२ मध्ये आली, पणजीचे धेंपे आणि मडगावचे चौगुले. १९८५ मध्ये स्वतःचे गोवा विद्यापीठ झाले. त्याआधी उच्च शिक्षणासाठी बेळगाव, पुणे, मुंबई गाठावी लागे. म्हणजे आम्हाला सगळे दाराशी मिळाले. तरीही पदविकेच्या दुसऱ्या वर्षाला आमचे शिक्षण सुटायची वेळ आली होती. वडील खाणीवर कामाला. ते आजारी पडले, काम गेले. फीच्या शेवटच्या दिवशी आम्ही मुदतवाढीचा अर्ज घेऊन गेलो, तर कळले की फी भरली गेली आहे. कुणी भरली? जुन्या विद्यार्थ्यांनी सरांकडे काही पैसे ठेवले होते, त्यातून. त्यांची नावे सरांनी सांगितली नाहीत. एवढेच म्हणाले, "मोठा झालास की कुणाची तरी भर."

नोकरी लागली, लग्न झाले, घर दुरुस्त झाले, दुचाकीची चारचाकी झाली. सरांचे वाक्य पाठ होते, पण त्यावर पंधरा वर्षे काही केले नाही, हे इथे कबूल करतो. मग २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. ज्यांनी तेव्हाचे सुर्ला पाहिले असेल त्यांना सांगायला नको. ज्या रस्त्यावर ट्रकांच्या रांगेमुळे मुलांना शाळेत पोचवणे कठीण, तो रस्ता एकाएकी मोकळा झाला. लाल धूळ बसली आणि ट्रक अंगणात उभे राहून गंजू लागले. बँकांचे हप्ते मात्र चालू. २०१८ मध्ये पुन्हा तोच घाव बसला. त्या पहिल्या वर्षानंतर शेजारच्या वाड्यावरचा एक ट्रकमालक आमच्या पडवीवर आला. मुलाला अभियांत्रिकीला प्रवेश मिळालेला, फीची सोय नव्हती. मागायला आला होता असेही नाही. 'ट्रक विकून टाकू का?' एवढाच सल्ला विचारायला आला होता. त्या वेळी ट्रक घेणार कोण? त्या चतुर्थीला आम्ही मित्रांना घरी बोलावले आणि वही काढली.

बारा वर्षांत आम्ही तेरा मुलामुलींची फी भरली. त्यांतल्या दोघांची नावे आता देणाऱ्यांच्या बाजूला आहेत. बाकीच्यांना आम्ही विचारत नाही. आम्हालाही पंधरा वर्षे लागली होती.

आपल्या शास्त्रांत माणसावर तीन ऋणे सांगितली आहेत, देवऋण, पितृऋण आणि ऋषिऋण. यातले ऋषिऋण विद्येचे. ते कसे फेडायचे? ऋषींना काही परत करून नव्हे, तर स्वतः शिकून आणि पुढच्याला शिकवून. गुरुदक्षिणा निराळी, ती एकदा दिली की संपली. आमच्या मित्राने हिशेब मांडला तो गुरुदक्षिणेचा, आणि त्या हिशेबाने तो बरोबर आहे. आमचे खरेच फिटले आहे. पण ज्या जुन्या विद्यार्थ्यांनी आमची फी भरली त्यांनी आमच्याकडून काहीच घेणे नव्हते. मुष्टिफंडाच्या बायांनी तर शाळेकडून काहीच घेतले नव्हते. त्यांच्यावर कुठले कर्ज? तरी रोज मूठ निघाली. दरवर्षी देणे ही फेड नव्हे. ती आपल्या मंडळाच्या वर्गणीसारखी गोष्ट आहे. मागच्या वर्षी गणपतीची वर्गणी दिली म्हणून यंदा कुणी 'फिटले' म्हणत नाही. यंदाही गणपती येणार आहे आणि आपण या मंडळाचे आहोत, एवढेच कारण पुरते. शाळा-कॉलेजचेही तेच. यादीत नाव असणे म्हणजे आपण अजून त्या घरचे असणे.

ही स्मरणिका आपल्या हाती येईल तेव्हा वहीचे तेरावे पान उघडायला आले असेल. सातव्या मित्राला आम्ही आमंत्रण धाडले आहे, जेवणाचे. वही त्याच्यासमोर ठेवू की नाही ते अजून ठरलेले नाही. मात्र हा लेख त्याला वाचायला देणार आहोत.

वाचकांना एक विनंती. आपल्यापैकी बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या संस्थेत कुणाच्या तरी मुठीवर शिकले आहेत. त्या संस्थेला या महिन्यात एक फोन करावा आणि विचारावे की पाचशे रुपये द्यायचे तर कुठे द्यायचे. खिडकीवरच्या माणसाने लेखाशीर्ष विचारले तर चिडू नये. संस्थेची सोय नसेल तर गावातल्या एका मुलाची फी भरावी, पावती जपून ठेवावी आणि पुढच्या चतुर्थीला ती पुन्हा काढून पाहावी.

गणपती बाप्पा मोरया!